'टकुरं फिरलं'चं इंग्रजी

तीस-एकतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं. काळ शिकवले, प्रयोग शिकवले, पत्रलेखन तर इतकं शिकवलं की अजूनही किराण्याची यादी लिहिताना वरच्या कोपऱ्यात तारीख टाकते. पण समानार्थी शब्दांमध्ये 'राग' आला की मी ते पान उलटायचे. मुलींना सांगायचे, हे परीक्षेला येत नाही. एका वर्षी नेमकं ते आलं आणि पालकांनी माझ्या नावानं ओरड केली. मी रीतसर माफी मागितली आणि पुढच्या वर्षी पुन्हा पान उलटलं. आता माझी नात पुण्याहून फोनवर लिहून पाठवते, 'आजी, आय ॲम सो मॅड ॲट यू', कारण तिच्या मैत्रिणीबरोबर मी धपाटे पाठवायचे विसरलेली असते. पुढं लाल तोंडाची चार चित्रं. मी तिला 'सॉरी बाळा' असं उत्तर देते आणि फोन पालथा घालून ठेवते. पोरीची त्यात काही चूक नाही. तिला कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून एकदाचं इथं लिहून ठेवते.

आम्ही मुलींच्या एका वसतिगृहात राहायचो, म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. घनसावंगीच्या अंगाला एक गाव, गावाबाहेर पत्र्याची लांबलचक इमारत, तिच्यात आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या चाळीस मुली. माझा बाप मी रांगत होते तेव्हाच गेला. माय तिथली स्वयंपाकीण. तिचं नाव कौसाबाई, पण चाळीसही मुली तिला मायच म्हणायच्या आणि त्याचा मला लहानपणी भयंकर मत्सर वाटायचा. कामाबरोबर खोली मिळाली होती आणि खोलीमुळे मला गावातली शाळा मिळाली होती. आमचं म्हणावं असं दुसरं छप्पर कुठं नव्हतं. स्वयंपाक गेला की खोली गेली आणि खोली गेली की माझी शाळा गेली, एवढं सरळ ते गणित होतं. आम्ही दोघी ते कधी बोलून दाखवत नसू.

सकाळी भाकरी थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची. शंभरावर भाकरी असायच्या, त्यामुळे तो आवाज सुरू झाला की थांबायचाच नाही. मी तोंड धुवायचे, वेण्या घालायचे, पाढे म्हणायचे, आणि मागं आपलं चालूच. आमटी बहुतेक येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची. त्या वासानं मुली न बोलावता रांगेत यायच्या. पावसाळ्यात अंबाडीची भाजी, रविवारी चुरमुऱ्यांचा सुशीला, आणि कुंभार पिंपळगावचा बाजार झाला की दोन दिवस वांगी. लहान मुलींना भाकरी चुरून, गूळ घालून माय स्वतःच्या हातानं भरवायची आणि भरवताना त्यांना घालून पाडून बोलायची. मायला राग यायचा, आणि तो दणक्यात यायचा. ओल्या सरपणाचा यायचा, ताट न धुता उठणारीचा यायचा, लेकीला पोचवायला येऊन दारातूनच परत फिरणाऱ्या बापाचा तर फारच यायचा. तिच्या रागाला तिची स्वतःची मापं होती. थोडा असला तर ती 'कावले' म्हणायची. त्याच्यावर 'तिडीक गेली मस्तकात'. आणि सगळ्यात वरचं म्हणजे 'माझं टकुरं फिरलं'. तिनं तसं म्हटलं की अधीक्षकसुद्धा स्वयंपाकघराकडं फिरकत नसत. मुली मात्र बिलकुल घाबरत नसत, कारण तो राग त्यांच्यासाठी असतो हे त्यांना कळत होतं.

शाळेत आम्हाला इंग्रजीला काझी सर होते. उंच, किडकिडीत, कायम एकच राखाडी कोट. त्यांच्याकडं जाडजूड डिक्शनरी होती आणि ती ते रुमालात बांधून आणायचे. शब्द पाठ करून घ्यायची त्यांची रीत अजब होती. शाळेच्या दाराला सात पायऱ्या होत्या. एखाद्या अर्थाचे शब्द ते या पायऱ्यांवर चढवायचे, म्हणजे एकेका मुलीला एकेका पायरीवर उभं करून तो शब्द तिला द्यायचे, सौम्य शब्द खाली, जहाल वर. रागाच्या दिवशी खालून अनॉइड, क्रॉस, अँग्री, मॅड, फ्युरियस, एन्रेज्ड असे चढत गेलो आणि सगळ्यात वरच्या पायरीवर सरांनी मला उभं केलं. माझा शब्द होता इन्डिग्नंट. तो सगळ्यात मोठा नव्हे, सगळ्यात खानदानी, असं सर म्हणाले. अन्याय बघून जो राग येतो त्याचा हा शब्द, बेटा, हा स्वतःसाठी नसतो. मी मान डोलावली. त्याचं स्पेलिंग मात्र मला काही केल्या येत नव्हतं, आणि मला सगळ्यात लाज वाटायची ती स्पेलिंग चुकल्याची. मी वर्गातली हुशार मुलगी होते ना.

मी नववीत होते त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वसतिगृहाला जी ज्वारी आली ती किडलेली होती. पोत्यात हात घातला तर कोमट लागायची, जाळी धरलेले गोळे हाताला यायचे. मायनं अधीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले चाळून घ्या. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. चाळून, पाखडून, उन्हात घालून ती दळायला पाठवायची, तरी पिठाला वास यायचा आणि भाकरी कडू लागायची. मुली आमटीत बुडवून, नाक दाबून खायच्या. पाचवीतली छबू नावाची पोर होती, अंगानं आधीच तोळामासा, तिला उलट्या सुरू झाल्या त्या दोन दिवस थांबेनात. माय तिला मांडीवर घेऊन बसली. त्याच दिवशी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची माणसं पाहणीला आली होती आणि ऑफिसात त्यांच्यापुढं चिवड्याच्या बश्या मांडल्या होत्या.

मायनं छबूला माझ्याकडं दिलं, परातभर ज्वारी घेतली, ऑफिसात गेली आणि चिवड्याच्या बश्यांवर, हजेरीपटावर, पाहुण्यांच्या मांडीवर ती ओतली. टेबलावरून सोंडेकिडे चालायला लागले. एक पाहुणा खुर्चीसकट मागं सरकला. मी छबूला कडेवर घेऊन दारात उभी होते, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलेलं आहे. माय म्हणाली, "चाळून घे म्हंता. चाळते की. किडे निघतेत, त्यायची घाण न्हाई निघत. हे माझ्या लेकरायच्या पोटात जाऊन राह्यलं, तुमी चिवडा खाऊन राह्यले." एवढंच बोलून ती परत आली आणि छबूला माझ्याकडून घेतलं. मला वाटलं, आता ज्वारी बदलणार. खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. पाहुण्यांशी असभ्य वर्तन, संस्थेची बदनामी, वगैरे. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. मायला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं, आणि इथंच माझं शहाणपण आडवं आलं. मराठीत लिहून दिलं असतं तर दहा ओळींत काम झालं असतं. पण काझी सर एकदा म्हणाले होते की इंग्रजीत अर्ज गेला की साहेब खुर्ची सोडून वाचतो. संस्थेचे सचिव नवीन जालन्यात राहायचे, वकील होते. त्यांना कळायला पाहिजे की कौसाबाईची लेक इंग्रजी लिहिते. सर नेमके पेपर तपासायला औरंगाबादला गेले होते. त्यांची वाट पाहावी असं एकदा मनात आलं, पण तीन दिवस म्हणजे तीन दिवस, आणि खरं सांगायचं तर मला ते एकटीनंच लिहायचं होतं.

दुपारची भांडी झाल्यावर माय चुलीजवळ बसून सांगत गेली आणि मी लिहीत गेले. ती म्हणाली, लिही, माझं टकुरं फिरलं. ज्वारी पाहिली की माझं टकुरं फिरतं. एकदा न्हाई, दरबारीला फिरतं. मी खोटं बोलणार न्हाई. मी पेन थांबवून विचार केला. इन्डिग्नंटचं स्पेलिंग येत नव्हतं. फ्युरियसमध्ये ओ आधी की यू, याचा भरवसा नव्हता. मॅड तीन अक्षरांचा शब्द होता, चौथ्या पायरीवरचा, अँग्रीच्या वरचा, आणि तो चुकणं शक्यच नव्हतं. मी लिहिलं, आय वॉज मॅड. व्हेन आय सी द ज्वारी आय गो मॅड. नॉट वन टाइम, आय ॲम मॅड एव्हरी टाइम. आय विल नॉट टेल अ लाय. स्पेलिंगची एकही चूक नव्हती. मायनं अंगठ्याला शाई लावली आणि मी दाखवलेल्या जागी, या वाक्यांच्या बरोबर खाली, दाबून उमटवला. तिनं तो कागद हातात धरून पाहिला. अक्षर चांगलं आलंय म्हणाली.

आठवड्यानं उत्तर आलं, मराठीत. शिपायानं ते मायच्या हातात दिलं आणि तिनं माझ्या. मी मोठ्यानं वाचायला लागले, कारण सगळी पत्रं मी मोठ्यानंच वाचायचे. 'सदर स्वयंपाकीण यांनी आपल्या लेखी खुलाशात स्वतःच्या अंगठ्यानिशी आपण वेड्या असल्याचे, तसेच सदर वेड वारंवार उद्भवत असल्याचे मान्य केले आहे. विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचा विचार करता त्यांना कामावरून कमी करण्यात येत असून...' मी तिथं थांबले. काम आणि खोली पंधरा दिवसांत सोडायची होती, ते पुढं होतं. ज्वारीचा एक शब्दही त्यात नव्हता. मायनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं विचारलं, "मी असं कवा म्हणले?"

मी म्हटलं, तू नाही म्हणालीस, त्यांनी पदरचं घातलंय. हे मी पटकन म्हणाले, विचार न करता, आणि तिनं लगेच मानलं. तिचा माझ्यावर असा विश्वास होता की आज लिहितानाही मला तोंड लपवावंसं वाटतं. त्या पंधरा दिवसांत मी धड जेवले नाही. शब्दाचा दुसरा अर्थ मला माहीतच नव्हता असंही नाही. तो मी पूर्वी वाचला असणार, कुठल्यातरी धड्यात पिसाळलेलं कुत्रं होतं. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त पायऱ्या होत्या, आणि त्यावर उभ्या मुली. आता मुली मायकडं बघेनाशा झाल्या. ती वेडी आहे असं अधीक्षकांनी त्यांना सांगितलं होतं. ज्या पोरी तिच्या ओरडण्याला हसायच्या त्या ती भाकरी वाढायला आली की ताट पुढं सरकवून खाली बघायच्या. छबूसुद्धा. आणि मी त्या सगळ्यांच्या मधे बसून तीच भाकरी गिळत होते, एका अक्षरानं काही न बोलता.

काझी सर परत आले त्या दिवशी मी त्यांच्या घरापर्यंत पळत गेले. सगळं ऐकून घेतल्यावर ते बराच वेळ कोटाच्या गुंड्यांशी खेळत बसले. मग म्हणाले, "गलती माझी आहे, बेटा. मी त्याला पायरीवर उभा केला, त्याचं दुसरं तोंड तुम्हाला दाखवलंच न्हाई." दुसऱ्या दिवशी रुमालात बांधलेली डिक्शनरी घेऊन ते आम्हा दोघींबरोबर जालन्याला आले. बसमध्ये त्यांनी मायला एवढंच सांगितलं की शब्दाचा घोळ झालाय, मी साहेबांना समजावतो. कुणाचा घोळ, ते त्यांनी सांगितलं नाही. माय खिडकीबाहेर बघत होती. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि केसांना तेल लावून ते चापूनचोपून बसवले होते, वेडी दिसू नये म्हणून. तसं ती बोलली नाही, पण मला ते कळलं.

सचिवांचं ऑफिस स्टेशनकडच्या रस्त्याला, बियाण्यांच्या दुकानांच्या वर होतं. अधीक्षक आधीच तिथं बसलेले. काझी सरांनी रुमाल सोडला, डिक्शनरी उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत बोलायला लागले. मला तुटक तुटक कळत होतं, मायला काहीच नाही. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं. डिक्शनरी स्वतःकडं ओढून ती ओळ वाचलीसुद्धा. मग मराठीत विचारलं, "पहिला अर्थ कोणता दिलाय, सर?" पहिला अर्थ वेडा हाच होता. पुढं आयुष्यभर मी हाताला लागेल ती डिक्शनरी त्या पानावर उघडून पाहिली आहे. काहींत रागाचा अर्थ तिसरा, काहींत चौथा, पहिला कुठंच नाही. पण वकिली करणाऱ्या माणसाला रागाचा अर्थ माहीत नव्हता, असं मी अजूनही मानत नाही. त्यांना ज्वारी लपवायची होती आणि झाकण मी नेऊन दिलं होतं.

सर हात जोडून म्हणाले, निदान बाईंचं ऐकून घ्या. सचिव म्हणाले, बोला की बाई, काय झालं ते सांगा. मायनं सावकाश सुरुवात केली. पोती कोणत्या दिवशी आली, किती वेळा सांगितलं, चाळल्यावर काय निघायचं, सगळं बरोबर, एकापुढं एक. मी मनात म्हणत होते, अशीच बोल माय, अशीच. मग छबूच्या उलट्या आल्या. मायचा आवाज चढला. "दोन रोज ते लेकरू मांडीवर व्हतं, पाणी ठरत नव्हतं पोटात," असं म्हणताना तिचा तळहात टेबलावर आदळला आणि टाचण्यांची डबी उडाली. अधीक्षक सचिवांकडं झुकले. हळू बोलले, पण आम्हाला ऐकू जाईल इतपत.

"पाहा साहेब. सुरू झालं."

मायचा हात टेबलावरच होता. तिनं अधीक्षकांकडं पाहिलं, सचिवांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी तिचं तोंड बघत होते, त्यामुळे तिला ते कळलं तो क्षण मला दिसला. ती ओरडली तर वेडी होती, आणि न ओरडता सांगण्यासारखं ते नव्हतंच. तिनं हात उचलला, खाली वाकून टाचण्या एक-एक वेचून डबीत भरल्या, डबी जागेवर ठेवली, पदर सारखा केला. म्हणाली, "न्हाई साहेब. मला राग न्हाई आला." तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. आम्ही जिना उतरलो तेव्हा खाली बियाण्यांची पोती टेम्पोत चढत होती, काझी सर रुमालाची गाठ मारत होते, आणि ती त्यांना बसत नव्हती.

आम्ही पुढं अंकुशनगरकडं गेलो. तिथं कारखान्यावर मायचा भाऊ होता. माय उसाच्या कामाला गेली, काझी सरांनी ओळखीनं मला तिथल्या शाळेत घातलं, मी शिकले, नोकरीला लागले, सगळं रांगेला लागलं असं लोक म्हणतात. म्हणोत. माय त्यानंतर बावीस वर्षं जगली. मामीनं तिला परसात जेवायला बसवलं तेव्हा ती रागावली नाही. मुकादमानं हजेरी बुडवली तेव्हा नाही. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यानं तिला चारचौघांत नको ते ऐकवलं, तेव्हा मी बोलायला उठले आणि ती माझा हात धरून मलाच गप्प करत होती. मला किती वाटायचं, हिनं एकदा परात उचलावी, कुणाच्या तरी अंगावर ओतावी. मी मुद्दाम तिला डिवचायचे, उलट बोलायचे, ताट न धुता उठायचे. ती ताट उचलून धुवायची. मी तिचं पोट घालवलं, घर घालवलं, ते पुढं कसंबसं भरून निघालं. तिचा राग मी घालवला, तो कुठून आणून देऊ?

मी तिला खरं सांगितलं ते सचिवांना भेटलो त्याच दिवशी, जालन्याच्या बस स्टँडवर. काझी सर गाडीची चौकशी करायला गेले होते. आम्ही दोघी बाकावर. शेजारी एक बाई लेकराला केळं भरवत होती, दोघं-तिघं पोत्यांवर बसले होते. मी सांगितलं की तो शब्द त्यांनी नाही घातला, मी घातला. तू टकुरं फिरलं म्हणालीस, त्याचं इंग्रजी मी चुकवलं, आणि नंतर तुझ्याशी खोटं बोलले. माय माझ्याकडं बघत राहिली. तिच्या कानशिलाची शीर फुगली, हात वर गेला. मी डोळे मिटले आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण हात आलाच नाही. डोळे उघडले तर तो हवेत तसाच होता आणि ती आजूबाजूला बघत होती, केळं भरवणाऱ्या बाईकडं, पोत्यांवरच्या माणसांकडं. मग तिनं तो हात माझ्या केसांवर आणला आणि सुटलेली बट कानामागं सारली.

"मार ना माय," मी म्हटलं.

"मारलं असतं, सुमे," ती म्हणाली, "पण लोकं पाहून राह्यलेत." आणि त्या लोकांकडं तोंड करून, शहाण्या बाईनं हसावं तशी, ती हसली.